ऑनलाइन लिलावात जुन्या घड्याळाला किती मोजायचे?

लिलावात एखादं जुनं घड्याळ आवडलं की लोक पहिलं काय करतात, तर तेच मॉडेल सर्च मारून बाकीचे किती मागतायत ते बघतात. अरे, मागायला कुणाचं काय जातंय! ईबेवर 'सोल्ड आयटम्स'चा फिल्टर लावा आणि फक्त विकली गेलेलीच बघा, आणि त्यातही किमतीवर काट मारलेली दिसली तर ते बेस्ट ऑफरवर (घासाघीस करून) गेलंय, म्हणजे खरा आकडा त्याहून कमी.

फिलिप्स, ख्रिस्टीज वगैरे लिलावगृहांच्या निकालांत वेगळीच गंमत असते. एस्टिमेट (आधी छापलेला अंदाज) असतं हॅमर प्राइसचं, म्हणजे हातोडा पडतो त्या बोलीचं, आणि निकाल छापतात बायर्स प्रीमियम (गिऱ्हाइकाकडून वर घेतलेलं लिलावगृहाचं कमिशन) धरून. प्रीमियम २५ टक्के धरला तर १००० ला हातोडा पडलेलं घड्याळ निकालात १२५० दिसतं, आणि एस्टिमेट १००० ते १२०० असेल तर लोक म्हणतात बघा, एस्टिमेटच्या वर गेलं! गेलंय ते तळालाच. आणि रेकॉर्डच्या बातम्या तर हिशोबात धरूच नका, हॉलिवूडचा नट पॉल न्यूमनची स्वतःची रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेली, तो भाव मनगटाचा होता, घड्याळाचा नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे डायल. माझ्या मते निम्म्याहून जास्त किंमत तिथेच ठरते. फोटो झूम करून सहाच्या खालची बारीक अक्षरं बघा, रिडायल (नव्याने रंगवलेली डायल) असेल तर ती जाड, पसरट किंवा वाकडी दिसतात, मिनिटांच्या रेषा आणि तासांच्या खुणा एकमेकींशी जुळत नाहीत. तिथे 'टी स्विस मेड टी' असं लिहिलं असेल तर ल्यूम (अंधारात चमकणारा लेप) ट्रिटियम या किरणोत्सारी पदार्थाचं, ज्याची हाफ-लाइफ (निम्मं उरायला लागणारा काळ) साधारण १२.३ वर्षं, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या घड्याळात ते आता जवळपास मेलेलं असणार. तरी अंधारातल्या फोटोत हिरवंगार चमकतंय? मग नवं ल्यूम भरलंय, आणि विक्रेता तोच फोटो कौतुकाने पहिला लावतो! असा पीस ओरिजिनल डायलवाल्याच्या भावाशी लावून बघायचाच नाही. लग्जच्या (पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर केस (घड्याळाची बाहेरची बॉडी) पॉलिश झालीय, तिथेही भाव कमी करा.

तुलना करताना आतलं मशीनही तेच हवं. ओमेगा स्पीडमास्टरमध्ये १९६८ च्या आसपास ३२१ नंबरचं मशीन जाऊन ८६१ आलं, बाहेरून दोन्ही सारखीच वाटतात पण ३२१ वाल्याचा भाव बराच वरचा, दोन्ही एकत्र करून सरासरी काढली तर ती कुठल्याच घड्याळाला लागू पडणार नाही.

'सर्व्हिस केलंय' म्हणतात पण पावती नाही, तर केलेलं नाही असंच धरायचं आणि तो खर्च आपल्या बोलीतून आधीच वजा करायचा, क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचवालं घड्याळ) असेल तर हा खर्च साध्या घड्याळापेक्षा बराच जास्त येतो.

एक मात्र बघाच, विकलं गेलेलं तेच घड्याळ, तोच ओरखडा, थोड्या दिवसांनी परत लिस्टवर आलंय का. आलं असेल तर बहुतेक वेळा आधीच्या गिऱ्हाइकाने पैसेच भरलेले नसतात, किंवा बोली लावणारा विक्रेत्याच्याच घरचा असतो. तो आकडा तुमच्या यादीतून सरळ खोडून टाका.