पाटाला पाणी सुटले तो दिवस

बारामतीतील एका इमारतीच्या तळघराचे खोदकाम पाहण्यासाठी मला सल्लागार अभियंता म्हणून बोलावले होते, कारण आदल्या संध्याकाळी कोरडा असलेला दहा फूट खोल खड्डा सकाळी गुडघाभर पाण्याने भरलेला आढळला होता. नळाची वाहिनी फुटली असावी असे मालकांनी गृहीत धरले होते आणि मीही, कबूल करतो, तासभर व्हॉल्व्ह तपासत हिंडलो. पाणी मात्र नितळ होते. त्याला क्लोरीनचा वास नव्हता आणि ते खड्ड्याच्या एकाच भिंतीतून, मुरमाच्या थरातून बोटभर जाडीच्या धारांनी पाझरत होते. शेवटी घमेले खाली ठेवत एक वृद्ध मजूर म्हणाले, "साहेब, रात्री पाटाला पाणी सुटलंय." ती भिंत नीरा डाव्या कालव्याच्या बाजूची होती.

कालव्यापूर्वी बारामती हे कऱ्हाकाठचे, मोरोपंतांच्या वास्तव्याने ओळखले जाणारे गाव होते. 1876-77 च्या दुष्काळानंतर या कोरड्या पट्ट्याला पाणी देण्याची निकड पटली, 1885 च्या सुमारास कालवा सुरू झाला आणि 1892 मध्ये भाटघर धरण पूर्ण झाल्यावर उन्हाळ्यातही पाण्याचा भरवसा आला. सासवडकडील माळी शेतकऱ्यांनी येथे खंडाने जमिनी घेऊन ऊस लावला, गुऱ्हाळे पेटली आणि गुळाची बाजारपेठ उभी राहिली. 1914 मध्ये दौंडहून नॅरोगेज रेल्वेही आली. कालवा उताराची समपातळी धरून वळसे घेत जातो, आणि त्याच्या वरच्या अंगाला जिरायत नि खालच्या अंगाला बागायत अशी ही रेषा आजही उन्हाळ्यात हिरव्या रंगावरून दिसते. माझ्या मते गावाची खरी वेस तीच.

याच पाण्याने एक दुखणेही आणले. अखंड भिजल्याने खालच्या अंगाच्या जमिनी पाणथळ आणि चोपण, म्हणजे क्षार साचून नापीक, होऊ लागल्या. दख्खनच्या कालव्यांवरील असे प्रश्न अभ्यासण्यासाठी 1916 मध्ये मुंबई सरकारने जो विशेष विभाग नेमला, त्यातूनच पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र वाढले. हे सारे मी महाविद्यालयात वाचले होते, तरीही खड्ड्याकाठी मला ते आठवले नाही.

पंप लावण्याचा आग्रह मी मोडून काढला, कारण उपसलेले पाणी पुन्हा भरणारच होते आणि उघडी भिंत ढासळली असती. तळघर रद्द करून जोते उंच घ्यावे आणि कालव्याच्या बाजूने निचऱ्याचा चर काढावा, असा लेखी सल्ला मी दिला. मालकांना तो आवडला नाही. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, संपल्यावर मी पुन्हा गेलो, तेव्हा खड्डा कोरडा होता, फक्त मुरमावर गुडघ्याच्या उंचीला पांढुरक्या क्षाराची सरळ रेघ उमटली होती. ती दाखवल्यावर मालकांनी काही न बोलता नकाशाची गुंडाळी माझ्या हाती दिली.