नाव घातलेलं भांडं

रविवारी दुपारी टेबलफॅन शोधायला माळ्यावर चढलो आणि हाताला लागलं पितळेचं पातेलं. आतली कल्हई पार गेलेली. मला एक खोड आहे. कुणाकडं जेवायला गेलो की वाटी तिरकी करून आधी तिच्यावरचं नाव वाचतो. बायको खालून पाय दाबते, तरी वाचतो. हेही वाचलं. नाव घासून गेलेलं, ‘...यांजकडून सप्रेम भेट, ता. १७-५-६४’ एवढं शाबूत. पातेलं आमचं नव्हे. अक्षर मात्र आबांचं.

आबा, म्हणजे माझे आजोबा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर होते. संध्याकाळी हातपाय धुतले की मंगळवार पेठेतल्या आमच्या सोप्यात हातोडी आणि बारीक छिन्नी घेऊन बसायचे, अन् गल्लीतल्या भांड्यांवर नावं घालायचे. फुकट. लेथवर सुताचाही फरक न चालणाऱ्या या माणसाला काठावरच्या जागेचा अंदाज कधी आला नाही. एका नवरीच्या घागरीवर ‘सौभाग्यवती’मधली ‘ती’ एकटीच खाली उतरून बसली होती.

आमच्या घरातली भांडी मात्र कोरी. आज्जी करवादायची, “जगाच्या भांड्यांवर नाव घालताय, आपल्या कवा घालणार?”

“आपलं भांडं आपल्याला वळखू येतंय की.”

त्यामुळं आमची भांडी एकदा उंबऱ्याबाहेर गेली की गेलीच. आषाढात नदीला नवं पाणी यायचं, पिपाणी-ढोलाचं पी ढबाक वाजत पाण्याचे कलश टेंबलाई देवीला जायचे आणि मग गल्लीत मटणाचे वाटे पडायचे. परात आमची, तपेलं आमचं, वाटे घालायला आबा. ते बसले की कुणी भांडत नसे. का भांडेल? स्वतःच्या घरचा वाटा ते शेवटी उचलायचे, म्हणजे हाडकं. आम्ही सहा नातवंडं एका नळीवरून मारामारी करायचो. आबांच्या समाजकार्याचा एवढा भाग मला लहानपणी अजिबात पटत नसे. खरं सांगायचं तर अजूनही नाही.

घरातल्या कुणाचं काही राहिलं, असं मात्र झालं नाही. दोन्ही आत्यांची लग्नं, धाकट्या काकांचं आजारपण, आमच्या शाळेच्या फिया, सगळं त्या लेथच्या पगारात. कसं, ते आज्जीला माहीत होतं आणि ती सांगायच्या आधी गेली.

२०१९ च्या महापुरात आबा अठ्ठ्याऐंशीचे होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे त्यांना स्वतःच्या बीपीपेक्षा पाठ. त्या वेळी पाणी ५५ च्या वर गेलं. तालमीत पूरग्रस्तांसाठी भात शिजत होता आणि आबा दारात खुर्ची टाकून प्रत्येकाला “जेवलास काय?” विचारत होते. चुलीवर आमच्या घरातलं शेवटचं मोठं पातेलं होतं. ते काही परत आलं नाही.

होळी आली की पोरांना गोळा करून पंचगंगेच्या स्मशानभूमीला शेणी, म्हणजे गोवऱ्या, पोचवायला लावायचे. महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, मग शेणी कुठनं यायच्या, हे त्यांचं साधं गणित. “माझ्या वाटणीच्या कवाच पोचवल्यात,” म्हणायचे, “तुम्ही फक्त मला न्या.” ब्याण्णव पुरी झाल्यावर नेलं. रक्षाविसर्जनाला एवढी माणसं आली की निम्म्यांना मी ओळखतसुद्धा नव्हतो.

तर ते पातेलं. परत द्यावं म्हटलं. “रिकामं नेऊ नका,” म्हणून बायकोनं मूठभर साखर घातली. पण द्यायचं कुणाला? नाव शाबूत असतं तरी ते देणाऱ्याचं, मालकाचं नव्हे. गल्लीत दोन घरी विचारलं. तिसऱ्या घरच्या काकींनी पातेलं फिरवून बघितलं, “आमचं न्हवं” म्हणाल्या, आणि आत जाऊन एक झाकण घेऊन आल्या. “ह्ये मात्र तुमचं हाय बघ. लई वर्षं पडून हाय.”

झाकणावर आबांचं अख्खं नाव होतं. मशीनचं सुबक अक्षर, एका ओळीत बसलेलं. आज्जीनं कधीतरी भांड्यांच्या दुकानात गुपचूप घालून घेतलं असणार.

घरी येऊन ते झाकण पातेल्यावर ठेवून बघितलं. दोन बोटं मोठं होतं. साखर परत डब्यात ओतली.