लिव्हरमधल्या गाठी आणि एसयूव्हीचा आकडा

आज रिपोर्टिंगला बरेचसे पेट-सीटी स्कॅन मोठ्या आतड्यातून लिव्हरमध्ये पसरलेल्या कॅन्सरचे. नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: एसयूव्ही किती? म्हणजे इंजेक्शनने दिलेली किरणोत्सारी साखर (एफडीजी) गाठ किती ओढते. खरं तर पुढचा अंदाज बांधायला तो एकटा आकडा तोकडा पडतो. सगळ्या सक्रिय गाठींचं आकारमान गुणिले सरासरी एसयूव्ही, म्हणजे टीएलजी, जास्त कामाचा.

उपचारानंतर तुलना करायची तर दोन्ही स्कॅन एकाच पद्धतीने हवेत. सहा तास उपाशी, रक्तातली साखर 200 च्या आत, इंजेक्शननंतर 60 मिनिटं, शक्यतो तेच मशीन. एक स्कॅन 60 ला आणि दुसरा 90 मिनिटांनी घेतला, की गाठ उगाच ‘भडकलेली’ दिसते. ती एफडीजी धरून ठेवते, निरोगी लिव्हर सोडत जातं. गाठीशी तुलना करायला लिव्हरच्या उजव्या लोबमध्ये (भागात) 3 सेंमीचा गोल आखून तिथला एसयूव्ही घ्यायचा. तिथेच गाठी असतील तर महाधमनीतल्या रक्ताचं मोजमाप.

केमोनंतर लगेच केलेला स्कॅन ‘स्वच्छ’ आला तरी पेढे वाटू नका. पेशी जिवंत असूनही साखर ओढत नाहीत. म्यूसिनस (चिकट द्रवाने भरलेल्या) गाठी आणि सेंटिमीटरखालच्या तर बऱ्याचदा निसटतात. डायफ्रॅमलगतच्या (छाती-पोटामधल्या पडद्याजवळच्या) गाठी श्वासाबरोबर हलून पुसट होतात. ऑपरेशन ठरवण्याआधी लिव्हरचा कॉन्ट्रास्ट एमआरआय करून घ्याच.