पदराची मागची बाजू

आज आईबरोबर लक्ष्मी रोडला साडी घ्यायला गेले होते. पहिल्या दुकानात "लेटेस्ट आहे, सगळ्या हीच नेतायत" म्हणत ढीग उपसला. आई मात्र पदर उलटा करून मागचे सुटे धागे बघत होती, काठ बोटांत चुरगाळत होती. "रंग जाईल का हो?" याला उत्तर नाहीच, पुन्हा डिस्काउंट!

पुढच्या दुकानातल्या काकूंनी आधी विचारलं, "रोज नेसायची की कार्याची?" दोनच इरकली काढल्या, दारात उजेडात नेऊन दाखवल्या. दहा मिनिटांत खरेदी झाली, मावशीसाठीही एक घेतली.

मी मार्केटिंगमध्येच आहे. बायकांसाठी म्हणजे गुलाबी रंग, हे मीटिंगमध्ये ऐकलं की मनापासून राग येतो.

येताना तुळशीबागेत फॉल घेतला. साडीचा कोपरा धरून रंग जुळवत, तिसऱ्या दुकानात.