मुदत मागितली, माफी मिळाली

मी नगर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत वसुलीचं काम पाहते. थकबाकीदाराच्या ओट्यावर बसून हप्त्यांची बोलणी करायची, जामीनदाराला फोन लावायचा, अगदीच काही जमलं नाही तर सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यासाठी कागदपत्रं तयार करायची, हा माझा रोजचा दिवस. त्यामुळे माफी म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: भरलं कोणी? २०१७ ला दीड लाखापर्यंतची कर्जमाफी आली, २०१९ च्या डिसेंबरात दोन लाखांपर्यंतची जाहीर झाली. शेतकऱ्याच्या नावावरचा आकडा गेला, पण तो पैसा हवेत विरला नाही. सरकारी तिजोरीतून तो बँकेत आला. आमच्यासारख्या पतसंस्थेला एखादं कर्ज निर्लेखित करायचं, म्हणजे बुडीत म्हणून सोडून द्यायचं, तर आधी नफ्यातून तरतूद करावी लागते. सोडून दिलेलं कर्ज कोणीतरी सोसतंच.

देवाच्या क्षमेबद्दल आम्ही ख्रिस्ती लोक जे मानतो ते मला या कामामुळे जास्त नीट कळलं. आमचं घराणं जुन्या अमेरिकन मराठी मिशनमधलं. हे प्रॉटेस्टंट मिशन नगरला १८३१ साली आलं. म्हणजे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली, येशूनं सांगितलेली गोष्ट मी पाळण्यापासून ऐकत आले. एका राजानं चाकरांचा हिशेब घ्यायला काढला. एकाकडे दहा हजार टॅलेंट बाकी निघाली. एक टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. गुणाकार करून बघा. सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम मिळालं आणि एक पैसाही खाल्ला नाही, तरी फेडायला दोन लाख वर्षं.

तो माणूस राजाच्या पाया पडून काय म्हणतो? सांभाळून घ्या, सगळं फेडतो. हे वाक्य मी किती ओट्यांवर ऐकलंय! तो माफी मागतच नाही, मुदत मागतो. आमच्याकडे असं कोणी आलं तर आम्ही फार तर कर्जाचं पुनर्गठन करू, हप्ते लांबवू. राजा मात्र हप्ते बांधत बसत नाही. त्याला कळवळा येतो आणि तो सगळं कर्ज सोडून देतो.

आमचा विश्वास इथेच आहे. पापाचं कर्ज पुण्याच्या हप्त्यांनी फिटत नाही. कितीही उपास करा, दानधर्म करा, दोन लाख वर्षांचा आकडा हलत नाही. मग ते सोसलं कोणी, तर देवानं स्वतः, येशू ख्रिस्ताच्या रूपानं, वधस्तंभावर म्हणजे क्रुसावर. पुष्कळांना, आमच्यातल्याही काहींना, वाटतं की रागावलेल्या देवानं आपला राग भलत्याच निरपराध माणसावर काढला. ही समजूत मला फार खटकते. येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो की देवच ख्रिस्तामध्ये जगाशी समेट करत होता, लोकांचे अपराध त्यांच्या हिशेबी न धरता. नुकसान ज्याचं झालं होतं, त्यानंच ते पोटात घातलं.

यावर ऑफिसात हमखास येणारा प्रश्न असा: ताई, मग तुमचं बरंय, चर्चमध्ये जाऊन कबूल केलं की पुन्हा पाप करायला मोकळे! विचारणाऱ्याचा मला राग येत नाही, कारण हा प्रश्न पौलानं स्वतःच रोमकरांच्या पत्रात काढलाय. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? मुळीच नाही, असं तो ठणकावून सांगतो. जर्मनीतला पाळक, म्हणजे पाद्री, डिट्रिख बॉनहोफर यानंही १९३७ मध्ये स्वस्त कृपेबद्दल चर्चला खडसावलं होतं. ज्या क्षमेसाठी देवाला एवढी किंमत मोजावी लागली, ती आपण फुकटात वाटत सुटतो, हे त्याचं दुखणं होतं. १९४५ च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्याला फाशी दिली.

आणि आपली पापं पदरी घेणं तितकं सोपंही नसतं. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाच्या विधीच्या, आधी सगळे मिळून पापांगीकार म्हणजे पापांची कबुली करतात, मग थोडा वेळ शांतता असते. वसईची माझी एक कॅथलिक मैत्रीण आहे, तिला धर्मगुरूंसमोर बसून एकेक गोष्ट तोंडानं सांगावी लागते. ऐकलेलं ते मरेपर्यंत कोणाला सांगू शकत नाहीत. आमच्या रिवाजात हे नाही, पण मला त्याबद्दल आदर आहे. जे उच्चारावं लागतं ते लपवता येत नाही.

बायबलमधला माझा आवडता माणूस मात्र जक्कय. यरीहोचा मुख्य जकातदार, म्हणजे वसुलीवालाच! बुटका होता म्हणून झाडावर चढून बसला. येशू त्याला खाली बोलावतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. आधी पैसे परत कर, मग येतो, असं म्हणत नाही. घरी पाहुणा आल्यावर जक्कय आपण होऊन उभा राहतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत. क्षमा आधी, भरपाई मागून. पण भरपाई आहेच, तिला सूट नाही.

राजाच्या गोष्टीचा उत्तरार्ध कठीण आहे. तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. शंभर दिनार म्हणजे तीन-चार महिन्यांची मजुरी, काही अगदीच किरकोळ रक्कम नाही. म्हणूनच येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ म्हणताना माझी जीभ अडखळते. पण असं ऋण सोडणारेही आहेत. सिस्टर राणी मारिया या कॅथलिक ननचा २५ फेब्रुवारी १९९५ ला मध्य प्रदेशात भर बसमध्ये खून झाला. त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारिया यांना कॅथलिक चर्चनं धन्य घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी, तेव्हा तो माणूस तिथे हजर होता. तोवर त्यानं अनेक वर्षं तुरुंगवास भोगला होता. क्षमा झाली म्हणून खुनाचा गुन्हा नव्हता असं कोणी म्हटलं नाही.

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्यात मार खाणाऱ्या बायकांना ही शिकवण वाकवून ऐकवली जाते. येशूनं सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगितलंय, बाई, क्षमा कर आणि घरी जा. माझ्या ओळखीतल्या एकीला असंच सांगितलं गेलं. तिच्यासोबत पोलीस ठाण्यात आमच्या पाळकांची बायको आली आणि मी गेले. तक्रार लिहून घेताना हवालदारानं विचारलं, नवऱ्याबद्दल आता काय म्हणणं आहे? ती म्हणाली, त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते, पण तक्रार मागे घेणार नाही. ती आता माहेरी राहते, शिवणकाम करते. तिनं परत जावं असं मला मुळीच वाटत नाही, आणि देवालाही तसं वाटत नसणार.