वाकळीला ऊन लागतं

"मुलीचं अंथरूण-पांघरूण किती अंशांवर धुता?" इथं नेदरलँड्समध्ये नर्सनं एवढंच विचारलं आणि माझा घसा दाटून आला. "धुता का?" असं तिनं विचारलं नव्हतं. पण जिच्या माहेरी सोलापुरात दसरा काढताना घरातलं शेवटचं फडकंसुद्धा पाण्यातून निघतं, तिला तो प्रश्न तसाच लागला.

दीड महिना झाला, लेक सकाळी उठली की ओळीनं दहा-बारा शिंका. डोळे चोळून लाल, रात्री कोरडा खोकला, आणि दिवसा शाळेत मात्र ठणठणीत. तपासणीत घरातल्या धुळीतल्या माइट नावाच्या बारीक जीवाची ॲलर्जी निघाली. मी म्हटलं, ४० अंशांवर धुते. ती म्हणाली, ६० हवं, दर आठवड्याला. मग पलंगावर काय काय असतं ते विचारलं आणि मी वाकळीचं नाव काढलं. आईनं शिवलेली, वरून आजीची दोन इरकली लुगडी, आत आजोबांच्या धोतरांचे थर. लेकीच्या बारशाला आलेली. "ती सध्या तिच्या पलंगावर नको," नर्स म्हणाली.

मी वाद घातला. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लेकरं वाकळीत वाढली, कुणाला काही झालं नाही, असं ठासून सांगितलं. ते खरं नव्हतं. धाकट्या काकांना दमा होता, रात्र रात्र ते भिंतीला टेकून बसून काढायचे. त्या वेळी मला ते आठवलंच नाही.

तिनं घाई केली नाही. पाऊण तास बसली, कागदावर चित्र काढून दाखवलं. हा आठ पायांचा जीव मिलिमीटरच्या एक तृतीयांश एवढा, डोळ्यांना न दिसणारा. ढेकणासारखा चावत नाही, आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कणांवर जगतो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. ते कण जड असतात. गादी-उशी हलली की उडतात आणि थोड्या वेळात परत बसतात. लेकरू रात्रभर त्याच उशीत नाक खुपसून झोपतं, म्हणून सकाळच्या शिंका. आणि माझ्या मनावरचं ओझं ज्यानं उतरलं ते हे, की माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा अंगात शोषून घेतो. घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकली तर तो सुकून मरतो. ७०-८० टक्के आणि २०-२५ अंश मिळाले की त्याची भरभराट. म्हणजे माझ्या स्वच्छतेचा प्रश्न नव्हताच.

आम्ही राहतो त्या लायडनमध्येच १९६४ साली वोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांच्या गटानं घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागे हा माइट आहे, असं मांडलं. ते याच गावात उमगलं याचं मला नवल वाटत नाही. दाराशी कालवा, वर ढग, घरातच दोरीवर कपडे. उन्हाळ्यात ऊब आणि ओलावा दोन्ही मिळतात तेव्हा माइट वाढतात. ऑक्टोबरात हीटर सुरू झाला की हवा सुकते, ते मरू लागतात, पण त्यांची घाण गादीतच राहते आणि वर खिडक्या बंद. लेकीचं दुखणं ऑक्टोबरातच का वर आलं, ते तेव्हा कळलं.

आणि तेव्हाच मला आपला दसरा आठवला. सोलापुरात सप्टेंबर सगळ्यात ओला. त्याच्याच पाठोपाठ, घटस्थापनेच्या आधी, आपण वाकळा-चादरी काढतो, पाण्यातून पिळून काढतो, गाद्या गच्चीवर टाकून काठीनं बडवतो. ऊन माइटला मारतं, काठी धूळ झाडते, आणि ऊन ज्याला हात लावू शकत नाही ती प्रथिनं पाणी वाहून नेतं. आईला यातलं एक अक्षर कुणी शिकवलं नव्हतं. मी हे नर्सला सगळं सांगितलं, जरा जास्तच अभिमानानं.

पण फोनवर भाऊ म्हणाला, त्याच्या मुलालाही पावसाळा सरता सरता धाप लागते. त्यांच्या फ्लॅटला गच्ची नाही, खोली एसीसाठी कायम बंद, गादी लग्नातली. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, मग दर आठवड्याला सगळं अंथरूण कोण धुणार? "तुम्ही तिकडं का राहता" म्हणणाऱ्यांना हे ऐकवावंसं वाटतं. इथल्या दमटपणानं लेक आजारी पडली हे खरं, पण नळ उघडला की पाणी आहे आणि पाऊण तास देणारी नर्स आहे. मी इथं राहून लेकीचं नुकसान करते आहे, असं मला वाटत नाही.

वाकळीचं मात्र माझंच चुकलं. मागच्या हिवाळ्यात मी ती न्हाणीघरात धुतली. तीन दिवस वाळत होती. वरून कोरडी लागली म्हणून लेकीच्या अंगावर घातली. आत धोतरांचे थर ओलेच असणार. एवढ्या थरांना आपल्याकडचं एप्रिलचं ऊन लागतं. दोन दुपारी पालटून टाकली की आतल्या दोऱ्यापर्यंत तापते. इथं तसं ऊन नाही.

आईला सांगायला मी चार दिवस लावले. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "किडे आमच्या वाकळंत न्हाईत गं."

"न्हाईत, आई. इथल्या हवेत आहेत."

"मग दे पाठवून. मे महिन्यात येशील तवा गच्चीवर तापवून ठेवते. लेकरू इथं आलं की घेईल अंगावर."

नर्सनं सांगितल्याप्रमाणे गादीला घट्ट विणीचं आवरण घातलं, कापडी हत्ती २४ तास फ्रीझरमध्ये ठेवून मग धुतला. सकाळी पलंग लगेच आवरत नाही, पांघरूण मागं टाकून गादीला वारा लागू देते. वाकळीच्या जागी चाटी गल्लीतून आणलेली आपली सोलापुरी चादर आहे. हीटरजवळ एका रात्रीत वाळते. ६० अंशांवर पाच वेळा धुतली. लाल रंग तसाच आहे.