भरला डबा, रिकामा डबा

घर्षण म्हणजे गतीला विरोध करणारं बल, हे घोकूनच आम्ही नववीत आलो होतो. आपल्या प्रशालेतल्या विज्ञानाच्या सरांनी त्याला एक वाक्य जोडलं : "गाडी वेग घेते तेव्हा आतल्या सामानाला पुढं नेतं ते घर्षणच." माझा आजचा धंदा या वाक्यावर उभा आहे, म्हणून स्मरणिकेसाठी दुसरं काही लिहावंसं वाटलं नाही.

सर नुसतं तोंडी सांगून सोडणारे नव्हते. त्यांनी घरून जेवायचा पाट आणला, त्याला सुतळी बांधली. वर सारखेच दोन पसरट स्टीलचे डबे ठेवले. एक शाळू ज्वारीनं काठोकाठ भरलेला, दुसरा रिकामा. दोन्हींच्या बुडाभोवती खडूनं गोल आखले. सुतळी हळू ओढली तेव्हा डबे आपापल्या गोलात बसून आले. मग सरांनी विचारलं, आता हिसका दिला तर कोणता डबा सरकेल? सगळा वर्ग ओरडला, रिकामा! हिसका बसला, आणि दोन्ही डबे गोलाबाहेर, जवळपास सारखेच मागं राहिलेले.

वजन वाढलं की घर्षण वाढतं, पण त्याच पटीत जडत्वही वाढतं. समीकरणात वस्तुमान दोन्हीकडून कटतं आणि उरतो फक्त घर्षणांक, म्हणजे दोन पृष्ठभागांमधली पकड सांगणारा आकडा, गुणिले गुरुत्व त्वरण. घर्षणांक ०.३ असेल, तर गाडीचं त्वरण ३ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास गेलं की डबा सरकणारच, मग तो किलोचा असो की क्विंटलचा. त्याला मागं कोणी ढकलत नाही. तो आहे तसा राहू पाहतो, खालचा पाट निघून जातो. न्यूटननं १६८७ साली मांडलेला पहिला नियम तो हाच.

लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेहून परतताना एस.टी.त एका पोराच्या हातात गॅसचा फुगा होता. काचा बंद होत्या. गाडी सुटताच उभी माणसं मागं कलली आणि फुगा पुढं! दुसऱ्या दिवशी सरांना गाठलं. ते म्हणाले, "अरे, हवेलाही जडत्व आहे. ती मागं दाटते, आणि हलका फुगा पुढं सरतो." केवढा आनंद झाला होता तेव्हा!

आता मी मालवाहतुकीत आहे. आडत बाजारातून सोयाबीन, डाळ, कधी कारखान्यांची यंत्रं. "एवढं जड धूड कुठं हलतंय, दोर कशाला?" हे वाक्य मला आजही ऐकावं लागतं आणि दर वेळी मी ते खोडून काढतो. करकचून ब्रेक लागला की गाडी थांबते, माल थांबत नाही. युरोपातल्या माल बांधणीच्या मानकात पुढच्या दिशेनं वजनाच्या ०.८ पट बल धरतात. लाकडी तळाची पेटी पोलादी हौद्यावर ठेवली आणि घर्षणांक ०.४ मानला, तर घर्षण निम्मंच बल पेलतं. उरलेलं निम्मं दोरानं, पट्ट्यानं किंवा पुढच्या फळीनं पेलायचं. हौद्यात धूळ, भुसा किंवा पावसाचं पाणी असेल तर घर्षणाचा वाटा आणखी घटतो, म्हणून माल चढवण्याआधी हमालांकडून हौदा झाडून घेतो. हैदराबादकडे निघालेली गाडी लातूरजवळच्या औशाला थांबते. हादऱ्यांनी थप्पी बसलेली असते, दोर सैल पडलेला असतो. तो पुन्हा आवळून मगच ड्रायव्हर पुढं निघतो.